दिगू एकटा उतरला

दिगू डोंगरावरून एकटाच खाली आला. आल्या आल्या तो पाटापाशी उकिडवा बसला आणि हात धुवायला लागला. उन्हातून उतरलेला माणूस आधी ओंजळीनं पाणी पितो. हा कोपरापर्यंत हात घासत होता, नखांतली माती काढत होता, आणि पाण्याला अजून तोंड लावलं नव्हतं.

मी खजुराच्या झाडांखाली सतरंजी टाकून डबे उघडत होते. शेजारी आई गुडघ्याला तेल चोळत बसली होती. दिगूच्या मागून वाटेवर आणखी कोणी येतंय का, हे मी मान उंच करून पाहिलं. कोणी नव्हतं.

"धनू कुठाय रे?" आईनं विचारलं.

"आला नाही खाली?" दिगू पाण्याकडे बघतच म्हणाला. "मला वाटलं, आला असेल."

धनू म्हणजे धनंजय, माझा धाकटा भाऊ. दोघं सकाळी बरोबर वर गेले होते. जेवायच्या वेळेपर्यंत येतो म्हणाले होते, आणि जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

ही ओमानमधली गोष्ट. आता वीसएक वर्षं झाली. माझे यजमान, विलास, तिथे बंदरावर नोकरीला होते. धनू आणि दिगू एकाच बांधकाम कंपनीत होते, एकाच खोलीत राहायचे. आई तीन महिन्यांसाठी नाशिकहून आली होती. त्या शुक्रवारी विलासना ड्यूटी होती, म्हणून गाडी मीच चालवत आणली होती.

मस्कतच्या मागे हजर पर्वताची रांग आहे. आम्हा नाशिककरांना डोंगर म्हणजे पावसात हिरवा, उन्हाळ्यात पिवळा. हा बारा महिने भाजलेल्या विटेच्या रंगाचा, अंगावर गवताची काडी नाही. एका बाजूला घळ, इतकी खोल की कडेला जाऊन खाली बघायला जीव धजत नाही. दुसऱ्या बाजूला नजर जाईल तिथवर खडी आणि वाळूचं सपाट वाळवंट. त्या डोंगरांतून जुन्या पायवाटा जातात, गाढवांवर खजूर लादून नेत तेव्हाच्या. सरकारनं त्यांवर रंगाचे पट्टे मारलेत, पण ऊन ते पट्टे खाऊन टाकतं. उरतात गावकऱ्यांनी दगडावर दगड ठेवून केलेल्या खुणा. धनू त्यांना लगोऱ्या म्हणायचा. सह्याद्रीत पावलोपावली वाट विचारायला माणूस भेटतं, इथे लगोरी हाच माणूस, असं त्याचं म्हणणं. ज्या गावातून ही वाट निघते त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आमच्याशी चांगलीच वागली.

आता माझ्याविषयी. मी संशयी आहे, आणि ते घरात कोणापासून लपलेलं नाही. दूधवाला दिसला की माझं बोट आपोआप दुधात जायचं. रिक्षाचं मीटर, सोनाराचा काटा, पाहुण्यांचं अचानक येणं, कशावरही माझा विश्वास नसायचा. धनू मला फौजदारीणबाई म्हणायचा. विलास म्हणायचे, हिला देव भेटला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. मला या चिडवण्याचं काही वाटायचं नाही. दहा वेळा संशय घेतला की दोनदा तरी तो खरा निघायचा, आणि माझ्या मते एवढ्यात सगळा खर्च वसूल होता.

पण दिगूचा मी कधी संशय घेतला नव्हता. दिगंबर खैरनार, आमच्या गल्लीतला. पाचवीत असताना त्याची आई गेली, बाप ट्रकवर. तेव्हापासून तो आमच्याकडेच जेवायचा. आई ताटं वाढायची ती चार, आम्ही घरात माणसं तीन. तोही तिला आईच म्हणायचा, आणि कोणी 'ही तुझी आई का' असं विचारलं तर सरळ हो म्हणायचा.

त्या महिन्यात मात्र काहीतरी बिनसलं होतं. कंपनीत सुपरवायझरची एक जागा होती. दोघांनीही तिच्यासाठी खटपट केली, ती धनूला मिळाली. त्यानंतर दिगू आमच्याकडे जेवायला यायचा कमी झाला. धनूला विचारलं तर तो हसून टाळायचा. शेवटी आईनंच दोघांना बोलावून दम दिला, आणि हा शुक्रवारचा बेत ठरवला. डोंगर चढा, घाम गाळा, आणि खाली येताना तोंडं सरळ करून या, असं तिनं सुनावलं. गाडीत दोघं पुढे-मागे बसले आणि अख्ख्या रस्त्यात एकमेकांशी चार वाक्यं बोलले नाहीत.

म्हणून दिगू एकटा उतरला तेव्हा मी हातातला डबा तसाच खाली ठेवला.

मी त्याला एकेक विचारायला लागले. त्यानं सांगितलं ते असं. चढताना त्यांची थोडी बोलाचाली झाली. धनू रागानं पुढे निघून गेला. दिगू मागे राहिला. वाटेच्या शेवटी ओसाड पडलेली जुनी घरं आहेत, तिथपर्यंत तो गेला, तर धनू तिथे नाही. मग तो परत फिरला. हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

"मग शर्टाला ही पांढरी माती कसली?"

"घसरलो."

"पुढून?"

त्याच्या बोटांची सालटी निघाली होती आणि डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. घसरलेल्या माणसाचे तळवे सोलवटतात. याचे तळवे धड होते.

"आपण पोलिसांना सांगू या," तो एकदम म्हणाला. "आत्ता. आणि त्यांना सांगा, बोरीच्या झाडापाशी उजवीकडे जी वाट उतरते, तिकडे आधी बघा."

बोरीचं ते झाड मला माहीत होतं. आदल्याच शुक्रवारी आम्ही तिथपर्यंत गेलो होतो. गाडी पंक्चर झाली म्हणून विलास आणि धनू खाली गावात टायर बदलत राहिले, आणि मी, आई, दिगू सावकाश चढलो. झाडाखाली आई बसली, दिगू तिच्या सोबतीला थांबला, आणि मी पुढे जाऊन वाळवंटाचे फोटो काढून आले तोवर ती दोघं उतरायला लागली होती. उजवीकडे वाट आहे हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"उजवीकडेच गेला हे तुला काय माहीत?" मी विचारलं.

"वाटतंय."

एवढंच म्हणून तो पुन्हा पाण्यात हात घालून बसला. आई मला म्हणाली, त्याला पाणी पिऊ दे गं, काय पोलिसासारखी विचारतेस. मग तिनंच पेला भरून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. जन्मात पहिल्यांदा दिगूनं आईच्या हातून काही घेताना मान खाली घातली होती, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पोलीस आले. बरोबर गावातली पाच-सहा माणसं दोर घेऊन निघाली. त्यांच्यात खल्फान नावाचा एक म्हातारा होता, शेळ्या राखणारा. तरुणपणी तो जहाजावरून मुंबईला येऊन गेलेला, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. आमच्यासाठी दुभाष्याचं काम तोच करत होता. दिगू त्यांच्याबरोबर वर गेला. जाण्याआधी त्यानं सार्जंटला तेच सांगितलं, बोरीचं झाड, उजवी वाट. सार्जंटनं खल्फानला विचारून खात्री केली, आणि दिगूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं.

धनू तिथेच सापडला. उजवीकडची वाट शेळ्यांची. ती थोडी उतरते, एका कडेवर येते आणि तिथेच संपते. पुढे नुसता कडा. सैल खडीवरून पाय सुटला असावा. डोक्यावर पडला होता, आणि पडला त्याच क्षणी गेला असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मला तेवढाच काय तो दिलासा.

आईला मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती रडायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग हे डबे कशाला उघडलेस?"

ऊन उतरलं तेव्हा त्याला खाली आणलं. गावातल्या बायकांनी आईला आपल्यात घेतलं होतं. मी बागेच्या भिंतीला टेकून उभी होते. खल्फान माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलला.

"बहन, एक बात है। पुलिस को अभी नहीं बोला।"

दुपारी तो समोरच्या उतारावर शेळ्या घेऊन होता. तिथून बोरीचं झाड दिसतं. झाडाखाली त्याला एक माणूस दिसला, निळ्या शर्टाचा. निळा शर्ट दिगूचा होता. तो माणूस मोठाले दगड उचलून एकामागून एक फेकत होता. जोरानं, वेड लागल्यासारखा.

"कुठे फेकत होता? घळीत?" मी विचारलं.

त्याला तिथून दगड पडलेले दिसत नव्हते, फेकणारा तेवढा दिसत होता. शेळीला हाकतोय की काय, असं आधी त्याला वाटलं होतं.

"मैं झूठ नहीं बोलता। पुलिस पूछेगा, तो बोलेगा। मगर आदमी की गर्दन का सवाल है। पहले तुम उसको पूछो।"

धनू कडेवर अडकला असेल, वरून हा दगड टाकत असेल, हे चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं ते हलेचना. सोलवटलेली बोटं जुळली. काळं नख जुळलं. उजवी वाट जुळली. घाईघाईनं धुतलेले हात तर सगळ्यात आधी जुळले. आयुष्यभर मी दुधात पाणी शोधलं होतं, आणि माझ्या घरात जेवणाऱ्या माणसाकडे कधी नीट बघितलं नव्हतं. मला स्वतःचीच चीड आली.

ती रात्र आम्ही तालुक्याच्या गावी एका लॉजवर काढली. विलास येऊन पोचले. सकाळी पोलीस ठाण्यात आमचे जबाब व्हायचे होते. विलासना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे दिगूची गचांडी धरली असती, आणि मला आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

ठाण्यासमोर एक चहाची टपरी होती, केरळी माणसाची. दिगू तिथे बाकावर बसला होता, तोच निळा शर्ट घालून. मी समोर जाऊन बसले.

"दिगू, काल तू बोरीखाली दगड फेकत होतास."

त्याचा पेला हातातच राहिला. आधी तो रस्त्याकडे बघायला लागला.

"आई कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"आई गाडीत आहे. विषय बदलू नकोस. तुला बघितलंय. माझ्या भावावर दगड टाकलेस का तू?"

त्याला माझं म्हणणं कळायलाच वेळ लागला. मग कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याही वेळी वाईट वाटलं.

"ताई, तो आधीच गेला होता," तो म्हणाला. "मी वरून बघितलं त्याला. हाका मारल्या. मान कशी झाली होती ते दिसत होतं."

"मग खाली येऊन 'धनू आला का' असं विचारलंस ते?"

"आई समोर बसल्या होत्या. तोंडातून निघेना."

"आणि दगड?"

टपरीवाल्यानं दोनदा येऊन आणखी काही हवं का विचारलं. शेवटी दिगू इतक्या हळू बोलायला लागला की मला पुढे वाकावं लागलं.

"गेल्या शुक्रवारी तुम्ही फोटो काढायला गेलात. आई झाडाखाली बसल्या होत्या. म्हणाल्या, दिगू, इथे इतके छान चपटे दगड आहेत, आपल्या धनूसाठी घर बांधू या."

आमच्याकडे सप्तशृंगीच्या गडावर जाताना लोक वाटेच्या कडेला दगडावर दगड रचतात. स्वतःचं घर व्हावं म्हणून देवीला केलेलं ते मागणं असतं. जितके दगड, तितके मजले. आई जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. कुठल्याही डोंगरावर गेली की तिचे हात चालू व्हायचे. तिच्या लेखी डोंगर म्हणजे देवी, मग तो नाशिकचा असो की अरबांचा.

"खालचे मोठे दगड मीच आणून दिले," दिगू म्हणाला. "त्यांना उचलेनात. पाच मजले झाले. सावली होती तिथे, म्हणजे उजव्या वाटेच्या तोंडावरच. तिथे वाट आहे हे मलाही कळलं नाही, मी आजवर कायम डावीकडूनच गेलोय. धनू तर या वाटेनं पहिल्यांदाच चढत होता. काल आमचं भांडण झालं, तो म्हणाला, मी पुढे जातो. मी म्हटलं, जा, लगोऱ्या बघत जा. त्या झाडापाशी दुसरी खूणच नाही, ताई. रंग उडालाय. हीच एक लगोरी, केवढी मोठी."

"आणि तुला ती दिसली नाही? तू मागून गेलास ना?"

"दिसली. जाताना मी तिच्याकडे बघितलं. आईंचं घर अजून उभंय, म्हणून मला बरं वाटलं. आणि मी डावीकडे गेलो."

परत येताना झाडापाशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो उजवीकडे उतरला, कडेवरून धनूला बघितलं. वर आला आणि त्यानं ती रास मोडली. नुसती मोडून भागेना, म्हणून एकेक दगड उचलून इकडेतिकडे भिरकावला. पोलीस येतील, फोटो काढतील, हे कोणी केलं म्हणून विचारतील, आणि आई भोळेपणानं सांगेल की मी केलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"पोलिसांना माझ्याविषयी काय सांगायचं ते सांगा," तो म्हणाला. "पण आईंना हे कळू देऊ नका."

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. गोष्ट फारच बरोबर जमत होती. गेलेला बोलायला येणार नाही, रास मोडलेली, आणि दोष कोणावर, तर जिच्यावर मी कधीच संशय घेणार नाही त्या माझ्याच आईवर. स्वतःची मान सोडवायला याहून चांगली गोष्ट कोणी रचली नसती. मी उठले आणि तडक गाडीकडे गेले.

आई मागच्या सीटवर बसली होती. रात्रभरात तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. काय विचारायचं ते पक्कं होतं, पण कसं विचारायचं ते सुचेना. शेवटी म्हटलं, आई, मागच्या शुक्रवारी त्या झाडाखाली बसलीस, तेव्हा काय करत होतीस?

"घर बांधलं धनूचं," ती म्हणाली. "पाच मजली. दिगूनं दगड आणून दिले. म्हटलं, पोरगा साहेब झाला, आता घर होऊ दे, लग्न होऊ दे." मग तिनं माझा हात दाबला. "परक्या मुलखात देवीला ऐकू गेलं नसेल का गं?"

मी नाही म्हणाले की हो म्हणाले, मला माहीत नाही. तिच्या पदराला तोंड लावून रडले. ती मलाच थोपटत राहिली. आपण काय सांगितलं याची तिला पुसटशीसुद्धा कल्पना नव्हती.

खल्फान ठाण्याच्या आवारात भिंतीच्या सावलीला उभा होता. मी जाऊन त्याला सांगितलं की झाडाखाली दगडांची एक चुकीची खूण होती, तिच्यामुळे माझा भाऊ उजवीकडे वळला, आणि त्या माणसानं ती रागानं मोडली. म्हातारा म्हणाला, सकाळीच तो वर जाऊन बघून आला होता. दगड झाडाच्या आसपासच विखुरले होते, घळीत एकही पडला नव्हता. त्याला आता शंका नव्हती. फक्त एक गोष्ट त्याला कळत नव्हती. गावातला माणूस तिथे खूण कधी ठेवणार नाही, लहान पोरालाही ती वाट शेळीची आहे हे माहीत असतं.

"किसने बनाया?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या गाडीकडे, मागच्या सीटवरच्या म्हातारीकडे पाहिलं. पुन्हा काही विचारलं नाही. जबाबात त्यानं सांगितलं ते एवढंच, की चुकीची खूण होती आणि ती आता काढली आहे. सार्जंटनं मला विचारलं, कोणावर संशय आहे का. आयुष्यात हा प्रश्न मला एकदाच अधिकृतपणे विचारला गेला, आणि मी नाही म्हणाले.

बाहेर आलो तर आई गाडीतून उतरली होती. विलासांच्या खांद्याला धरून उभी होती. दिगू पायरीवरून उतरत होता. तिनं त्याला हाक मारली नाही, तो जवळ येईपर्यंत नुसती बघत राहिली.

"तुम्ही भांडलात ना वर?"

"हो, आई."

"काल आलास तेव्हा तुला माहीत होतं. माझ्या हातून पाणी प्यालास, पण वर बघितलं नाहीस. पोलिसांना तू जागा बरोबर सांगितलीस. मी म्हातारी झाले, आंधळी नाही झाले." मग ती माझ्याकडे वळली. "तुला सगळ्या जगाचा संशय येतो. ह्याचाच कसा येत नाही?"

मी तोंड उघडलं. दिगूनं माझ्याकडे पाहून मान अगदी किंचित हलवली, आणि मी ते मिटलं.

"चूक माझी आहे, आई," तो म्हणाला. "मी त्याला एकट्याला पुढे जाऊ द्यायला नको होतं."

"जागा तुला मिळाली नाही म्हणून?"

यावर तो काही बोलला नाही. नाही म्हणाला असता तर पुढचा प्रश्न आला असता, आणि आमची आई पुढचे प्रश्न विचारण्यात माझीच आई होती.

"पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी आहे तोवर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

"नाही येणार, आई."

त्यानं शब्द पाळला. मस्कतमध्ये होतो तोवर आमच्या घराकडे फिरकला नाही. पुढे तो भारतात परतला, नाशिकलाच राहिला, पण आमच्या गल्लीतून कधी गेला नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, हे मला बाहेरून कळलं. आई बाजारात दिसली की तो रस्ता बदलायचा. गल्लीतल्या बायकांना आई सांगायची, माझ्याच ताटात जेवला आणि माझाच घात केला. बायका ते चार घरी सांगायच्या. मी तिथे असले तर उठून आत जायचे. मनातून मी हजारदा तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तिचे ते दगड रचणारे हात डोळ्यांपुढे आले. तिनं पुढे कुठल्याच डोंगरावर घर बांधलं नाही, पण ते दुःखानं, कारण कळून नव्हे.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली. सगळ्यांना फोन करून झाल्यावर मी दिगूचा नंबर शोधून काढला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखेल की नाही अशी मला शंका होती, पण मी हॅलो म्हणताच तो ताई म्हणाला.

मी सांगितलं.

"त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

मागे त्याच्या घरात कोणीतरी कुकर उतरवत होतं. मग दिगू म्हणाला, "ताई, मग आता आलो तर चालेल का घरी?"